स्पॅममध्ये अडकलेला भाऊ

तापलेल्या कॉम्प्युटरमधल्या धुळीचा वास आला की उंब्रजच्या घरातली ती दुपार आठवते. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि तारीख ठाऊक असूनही सरहद्दीवरच्या भावाची मेल येईना. तिकडं फोन लागत नसे. "त्यानं इचारल्याबिगर काय कळवू नगंस," आई रुसून म्हणाली, पण सारखं "आली का रं?" चालूच. मला एका जागी बसवेना. घरचा मेल सर्व्हर मीच चालवायचो. शोधता शोधता कळलं, नको त्या मेल बाजूला काढणारा आमचा स्पॅम फिल्टर सार्वजनिक डीएनएसमार्फत, म्हणजे इंटरनेटवरचे पत्ते शोधून देणाऱ्या सगळ्यांसाठी खुल्या सेवेमार्फत, स्पॅम पाठवणाऱ्यांची काळी यादी तपासत होता. नेमकं कोण विचारतंय ते कळत नाही म्हणून यादीवाले तिथून आलेली विचारणा नाकारत आणि फिल्टर त्या नकारालाच स्पॅम समजे. मी घरातच ही विचारणा थेट करणारा स्वतंत्र रिझॉल्व्हर बसवला आणि स्पॅमचा कप्पा उघडला. भावाच्या मेलांची रांग होती. "आईला दिसतंय का? कुणीच का सांगंना?" मी वाचून दाखवलं. आई म्हणाली, "लिही, लय चांगलं दिसतंय." आज भाऊ निवृत्त होऊन शेजारीच राहतो, तरी कुणाचं उत्तर लांबलं की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही.