खालच्या शहराचं पाणी

नदीवर आमचं शहर वर, त्यांचं खाली. आमचा नाला त्यांच्या पाण्यात मिसळतो, म्हणून दोन्ही नगरपालिकांची दर महिन्याची बैठक त्यांच्या जलशुद्धीकरण केंद्रावर होते. चहाआधी सगळ्यांनी तिथलं पाणी प्यायचं, असा रिवाज आहे.

आज पाण्याला वास होता. आमचे साहेब ग्लास धरून थांबले.

"घ्या ना भाऊ, तुमच्याकडूनच आलंय," त्यांच्या नगराध्यक्षा म्हणाल्या. "आमची पोरं रोज पितात."

साहेबांनी डोळे मिटून ग्लास संपवला.

कारकून म्हणून या बैठकांचं इतिवृत्त लिहिताना हल्ली थकायला होतं. आईवडिलांनी पोटाला चिमटा काढून मला शिकवलं. शाळेत नदी म्हणजे नकाशावरची एकच निळी रेघ होती. इथे तिच्याही हद्दी निघतात.

परतताना साहेब गाडीत म्हणाले, "नाल्यावरचं सांडपाणी शुद्ध करायचं बंद यंत्र उद्याच सुरू करायला लाव रे. पुढच्या महिन्यात पुन्हा प्यायचंय."