शलाकाचे चार दिवे

आमच्या शलाकाला घोकून काही येत नाही. लहानपणापासून असंच आहे. का, कसं, हे कळल्याशिवाय पोरगी पुढचं पान उलटत नाही, आणि परीक्षेत तेवढ्यात घंटा होते. इंजिनिअरिंगला गेली आणि दुसऱ्याच वर्षी डिजिटल लॉजिकमध्ये नापास झाली. माझा भाऊ शरद, म्हणजे तिचे बाबा, सरळ म्हणाला, "या वेळी विषय निघाला नाही तर साल गेलं. फिर बस्स, कॉलेज बंद. बी.कॉम. कर आणि मोकळी हो."

मी तिची आत्या, बेबी. इथे हिंदी मुलखात, स्नेहलतागंजमध्ये याच घरात राहते. जन्मभर बालवाडीत पोरांना एक ते शंभर शिकवले, त्यामुळे मोजणीतलं मला कळतं असा माझा गैरसमज होता.

तो एका रविवारी सकाळी उतरला. शलाकाने पोह्यांची ताटली बाजूला सारून जेवणाच्या टेबलावर एक पांढरी पाटी ठेवली. कॉलेजच्या प्रदर्शनात ही मांडायची होती, आणि त्यावरच त्या नापास विषयाचे मार्क होते. तिला बारीक बारीक भोकं, त्यात काळ्या चिप आणि तारांचा हा गुंता! वर चार लाल दिवे. पहिला भराभर उघडझाप करत होता, दुसरा त्याच्या निम्म्याने, तिसरा त्याच्याही निम्म्याने, आणि चौथा तर सावकाश, सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा.

"हे काय गं?"

"मोजतंय, आत्या. शून्यापासून पंधरापर्यंत. मग परत पहिल्यापासून."

"कोण मोजतंय?"

"कोणीच नाही. मतलब, ही चिप. कॉम्प्युटरला आता कितवं काम करायचंय ते लक्षात ठेवावं लागतं ना? ते हेच. तुझ्या मोबाइलमध्ये असलीच मोजणी चाललेली असते, फक्त खूप जोरात."

"आणि ही चिप कशाची?"

"मुळात वाळूची."

मी खुर्चीत बसलेच. अगं बाई! ज्या वाळूत आम्ही पोरांना बोटाने आकडे गिरवायला लावायचो, ती वाळू मोजायला लागली? आणि ते आमच्या पोरीने करून दाखवलं? मी देवाधर्माची फार नाही, पण त्या दिव्यांपुढे माझे हात आपोआप जोडले गेले.

हात जोडले आणि दिवे विझले.

"आत्या! पाटी का सोडलीस?" शलाका ओरडली. आमचं टेबल डुगडुगतं, म्हणून तिने ठेवतानाच मला पाटी धरायला सांगितलं होतं. परत धरली, मोजणी सुरू. सोडली, बंद. मग तिने पाटी जमिनीवर ठेवून पाहिली. जमीन काही डुगडुगत नाही! तरी तेच. शरदने धरली, नाही चालली. मी धरली की लगेच चालू.

"बेबीचा हातगुण," शरदने निकाल देऊन टाकला. "प्रदर्शनाच्या दिवशी तू जाच हिच्याबरोबर."

शलाका चिडली, हातगुण वगैरे काही नसतं म्हणाली. सगळ्या तारा काढून परत लावल्या, पण बिघाड सापडेना. शेवटी पोरगी रडवेली होऊन म्हणाली, "चल तू." प्रदर्शनाला पालकांना बोलावणं होतंच.

झालं, मी चांगली साडी नेसून कॉलेजात, पाटी धरून उभी! बाहेरून आलेले परीक्षक एकेक टेबल बघत आमच्यापाशी आले. दिवे बघून खूश झाले आणि मग माझ्याकडे बघितलं. "मैडम, आप हाथ हटा लीजिए."

मी शलाकाकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक. काय करणार? हात काढला. दिवे गेले.

"ये अपने आप नहीं चलता?" परीक्षक सरांनी विचारलं. गेलं साल, गेलं सगळं! वाटलं, म्हातारीने नसती लुडबूड केली नसती तर बरं झालं असतं.

पण शलाका माझ्या हाताकडे टक लावून बघत होती. "सर, दो मिनट. आत्या, परत धर. अगदी तशीच." मी धरली. दिवे लागले. ती खाली वाकली, नाक जवळजवळ माझ्या नखाला लागेपर्यंत. "अंगठा जरा सरकव." सरकवला, दिवे गेले. "परत ठेव." आले. आणि तिचे डोळे असे चमकले, काय सांगू!

"सर, ही पिन मी कशालाच जोडली नाही," ती इतकी भराभर बोलत होती की सरांशी मराठीत बोलतेय हेही तिला कळलं नाही. "मला वाटलं, न जोडलेली पिन म्हणजे गप्प. पण ती गप्प नसते, हवेतलं काहीही पकडते आणि मोजणी शून्यावर आणून ठेवते, म्हणून सगळे दिवे बंद. आत्याचा अंगठा या पिनेला आणि शेजारच्या या विजेच्या पट्टीला एकदम टेकतोय. तिच्या अंगठ्यातून पिनेला वीज मिळतेय, म्हणून ती गप्प बसते, सर. आत्या तार झालीय!"

मी गारच पडले. माझ्यातून? मी त्या मोजणीच्या आत होते?

सर हसले. मराठी होते की नाही देव जाणे, पण कळलं त्यांना. शलाकाने एक छोटी तार सोलली, एक टोक पिनेपाशी खोचलं, दुसरं पट्टीत.

"आता उचल, आत्या."

मी उचलेना. खरं सांगते, अंगठा तसाच घट्ट दाबून धरला होता. पोरीचं वर्ष त्याच्याखाली होतं.

"आत्या, सोड. मी जोडलंय."

मी हात उचलला, आणि दिवे मोजत राहिले.