टीव्हीतली बाई हुशार, अन् मी?

ओळखलं का मले? का चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधून राहिले? मी मनीषनगरची बेबीआजी. मी बोलून राहिली, नात टाइप करून राहिली.

आज दुपारी पोराच्या ऑफिसातले पाहुणे जेवायले आले होते. जेवता जेवता पोरानं टीव्हीवर हसायची मालिका लावली. त्यात चांगल्या कॉलनीतली विधवा बाई पोरं पोसायले गांजा विकते. पोरगा हसत म्हणे, "काय डोकं आहे हो या बाईचं! पोरांसाठी आई काय नाही करत!"

मले बी राहवलं नाही. म्हटलं, "तुझे बाबा गेल्यावर मी मोहाची दारू विकली ना! बाटल्या तुझ्या पाळण्यात, गादीखाली. पोलीस आले की मी तुले चिमटा काढायची. तू असा भोकाड पसरायचा, की ते दारातूनच परत जायचे."

पोरगा पाहुण्यांना म्हणे, "वय झालंय तिचं. काहीही बोलते." अन् माझा हात धरून मले आतल्या खोलीत आणून बसवलं.

ते काम चांगलं नव्हतं, मले माहीत आहे. त्या दारूनं कोणाकोणाचे संसार मोडले, मी विसरली नाही. पण त्याच दारूवर हा शिकला, साहेब झाला.

मंग टीव्हीतल्या बाईले टाळ्या अन् मले ही खोली, काहून? सांगा बरं.

पाहुण्यांसाठी केलेलं पनीर माझ्या ताटात तसंच पडलं आहे. कोणी आपला डाळीच्या गोळ्यांचा गोळाभात पाठवा. फोडणीचं तेल वेगळं द्या, अन् डबा माझ्याच हातात द्या, पोराच्या नको.