दादाच्या खात्यातला टॅबलेट

टेक्स्टाइल डिझाइनच्या मास्टर्सला प्रवेश मिळाला तेव्हा कॉलेजने दिलेल्या सूचनांमध्ये स्वतःचा लॅपटॉप हवा असं लिहिलं होतं. आमच्या घरात त्याआधी कुणी लॅपटॉप वापरलेला नव्हता. दादा सुरतेजवळच्या इच्छापोरच्या एका कारखान्यात कंत्राटी कामाला होता. तो मला दुकानात घेऊन गेला आणि तिथल्या माणसाला म्हणाला, "हिला चित्रं काढायची असतात." माणसाने आमच्यापुढे टॅबलेट ठेवला, त्याची पेन्सिल माझ्या हातात दिली. मी काचेवर एक वेल काढली. दादा ती वेल बघत राहिला आणि लॅपटॉपचं आम्ही दोघंही विसरलो.

टॅबलेट सुरू करताना खातं उघडावं लागतं. मला घाई झाली होती, त्यामुळे दादाने स्वतःच्याच खात्यावर तो सुरू करून दिला. त्याचा फोनही त्याच कंपनीचा होता. "नंतर बदलून घे तुझं," तो म्हणाला.

सुरतेतल्या पांडेसऱ्यात आमची दोन खोल्यांची जागा आहे. आप्पा, म्हणजे माझे वडील, खानदेशातून आलेले; जवळच्याच कापड रंगवायच्या प्रोसेस हाउसमध्ये, घड्या घालायच्या फोल्डिंग खात्यात काम करतात. माझं पहिलं सेमिस्टर सुरू होऊन थोडे दिवस झाले असतील, तेव्हा दादाने घरात सांगितलं की त्याला लग्न करायचंय. मुलगी ओडिशाची, कारखान्याच्या कँटीनमध्ये कामाला. आप्पांनी एवढंच विचारलं, "ठरायीसनच उना ना?" दादा हो म्हणाला. "मंग आठे कसाले उना?" आप्पा म्हणाले. ठरवूनच आलायस तर इथे कशाला आलास, असं. आरडाओरडा झाला नाही. दादाने दुसऱ्या दिवशी कपड्यांची बॅग भरली आणि तो बारडोलीला गेला. तिथे त्याने दुसरं काम बघून ठेवलं होतं. सुरतेहून बारडोली म्हणजे बसने तासाभराचा रस्ता. आमच्या घरातून तो रस्ता कुणी धरला नाही.

मी कॉलेजात टॅबलेटवर काम करत होते. वर्गातल्या बाकी सगळ्यांकडे लॅपटॉप होते. चित्र काढण्यापुरती माझी मजा होती. फुलाची पाकळी, जुन्या पटोळा साडीवरचा हत्ती, मला हवं ते मी बसच्या सीटवर बसूनही काढू शकत होते. अडचण पुढे यायची. कापडावर एकच तुकडा चारी बाजूंनी जुळवत न्यावा लागतो, प्रत्येक रंग वेगळा काढून छपाईला द्यावा लागतो. ही कामं ज्या सॉफ्टवेअरमध्ये होतात ते टॅबलेटवर चालत नव्हतं. मग मी तुकडे टॅबलेटवर काढायचे आणि लॅबमधला संगणक रिकामा होईपर्यंत दाराशी उभी राहायचे. आमच्या मॅडम म्हणाल्या होत्या, "चालेल, पण तुझं तू निभावून ने." त्या वाईट नव्हत्या. मीच त्यांना सारखी आठवण करून देत होते की माझ्याकडे लॅपटॉप नाही.

एकदा जुन्या साड्यांच्या काठांवर मला सादरीकरण करायचं होतं. मी फोटो काढून आणले होते. टॅबलेट प्रोजेक्टरला जोडला आणि गॅलरी उघडून एकेक फोटो सरकवत बोलत होते. एक काठ, दुसरा काठ, आणि मग भिंतीवर दादा आला. गळ्यात हार, कपाळावर चंदनाचे ठिपके, बाजूला पिवळ्या साडीत एक लहानखुरी मुलगी. दादा कॅमेऱ्याकडे बघत नव्हता, तिच्या हाताकडे बघत होता.

खाली दिलेली तारीख आदल्या दिवसाची होती.

"अरे वाह, भाईनां लग्न थयां? मिठाई क्यां छे?" मागून दादाला ओळखणारी एक मैत्रीण ओरडली. सगळे हसले. मॅडमही हसल्या आणि म्हणाल्या, "सांगितलं नाहीस ग!" मी म्हणाले, "हो, घाईत ठरलं." पुढचा फोटो सरकवला तर तोही लग्नाचाच. त्याच्या पुढचाही. मी बोट ओढत राहिले आणि वर्ग बघत राहिला. साडीचा काठ परत आला तेव्हा मला काय बोलायचं होतं ते आठवेना. मी वहीत बघून वाचून दाखवलं आणि जागेवर जाऊन बसले. भावाचं लग्न झाल्याचं मला असं कळलं.

बसमध्ये माझ्या लक्षात आलं की खातं एकच असल्यामुळे त्याच्या फोनवर काढलेला फोटो माझ्या टॅबलेटवर येणार. त्याला हे माहीत नसेल असं मला वाटलं. त्याला सांगावं, की स्वतःचं खातं करून मोकळं व्हावं? मी दोन्हींतलं काही केलं नाही. दुपारी आप्पा कामावर असताना स्वयंपाकघरात मायसमोर टॅबलेट ठेवला.

मायने पदराला हात पुसले. मी तिला बोटांनी चेहरा मोठा कसा करायचा ते दाखवलं. तिने फक्त दादाचा चेहरा मोठा केला. खूप वेळाने म्हणाली, "बारीक व्हयी गया." मुलीबद्दल ती काही बोलली नाही.

त्यानंतर मी कॉलेजातून आले की ती आधी तेच विचारायची, "काही उनं का?" बहुतेक दिवशी काही ना काही आलेलं असायचं. उसाच्या ट्रॉल्यांची रांग. गॅसची नवी शेगडी. भिंतीला टेकवलेली सायकल. डब्यात भरलेला भात. माय डब्याचा फोटोही मोठा करून बघायची, भाजी कसली आहे ते शोधायची. सुरुवातीला ती सुनेचे फोटो पटकन सरकवायची. पुढे पुढे तिचेच जास्त बघायला लागली. "केस मोठा शेतस तिना," असं एकदा म्हणाली. एकदा तिच्या पायात जोडवी नाहीत म्हणून हळहळली. आणि एक दिवस सोनोग्राफीचा काळा-पांढरा कागद आला. मायला ते काय आहे ते कळेना. मी सांगितलं, तेव्हा तिने टॅबलेट उलटा करून मांडीवर ठेवला आणि त्यावर दोन्ही हात ठेवून बसून राहिली.

आप्पांनी एकदा आम्हाला पाहिलं. पहिल्या पाळीवरून ते लवकर आले होते. दारात उभे राहिले, टॅबलेटवर दादा हसत होता. आप्पा म्हणाले, "चहा ठेव," आणि हातपाय धुवायला गेले. त्या दिवसापासून घरात येण्याआधी ते बाहेर चपला जोरात झटकायचे, खोकायचे, कडी वाजवायचे. आम्हाला झाकून ठेवायला वेळ मिळावा म्हणून. त्यांनी स्वतः टॅबलेट कधी मागितला नाही.

बाळ झालं, मुलगी. मग फोटो कमी आणि व्हिडिओ जास्त यायला लागले. ती झोपलेली, ती जांभई देताना, ती नुसती पंख्याकडे बघताना, लांबच लांब. माझं शेवटचं सेमिस्टर सुरू झालं होतं. जागा संपत आल्याच्या सूचना टॅबलेटवर येत होत्या आणि मी त्या बंद करत होते. माझ्या शेवटच्या प्रकल्पात पूर्ण साडी करायची होती, खानदेशातल्या केळीच्या बागांवरची. पदर सगळ्यात मोठा. एवढ्या मोठ्या चित्राला टॅबलेट मोजकेच लेयर, म्हणजे एकावर एक काढायचे थर, देत होता, म्हणून मी तो तुकड्यातुकड्याने करत होते. एका दुपारी सगळे तुकडे एकत्र आणून जपून ठेवायला गेले, पडदा एकदम काळा झाला आणि अ‍ॅप बंद पडलं. पुन्हा उघडलं तर पदराच्या जागी करड्या रंगाचा चौकोन होता. आत काही नाही. क्लाउडवर प्रत जात असते असा माझा समज होता, पण जागा कधीच भरलेली होती. माझ्या कामाची प्रत जाणं केव्हाच थांबलं होतं.

मॅडमनी तो चौकोन बघितला. "मी पहिल्या दिवशीच लॅपटॉपचं म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पुन्हा काढ. वेळ आहे थोडा."

वर्गातल्या एका मैत्रिणीने टॅबलेट हातात घेऊन पाहिला. "इतने वीडियो? डिलीट कर दे." मी तिला सांगितलं की इथून काढले की दादाच्या फोनमधूनही जातील. "तो फिर इस अकाउंट से निकल जा. अपना बना," ती म्हणाली. आम्ही प्रयत्न केला. बाहेर पडायला पासवर्ड हवा होता आणि तो दादाकडे होता.

मी कॉलेजच्या पार्किंगमध्ये जाऊन त्याला फोन केला. तो गेल्यापासून आम्ही बोललो नव्हतो. मीही फोन केला नव्हता, त्यानेही नाही.

"दादा, मी."

"बोल," तो म्हणाला. मागे ट्रकचे आवाज येत होते.

"टॅबलेटचा पासवर्ड पाहिजे होता. जागा भरलीय. माझं काम उडालं सगळं."

"फोटोंमुळे?"

मी शेजारच्या स्कूटरच्या सीटवरची धूळ बोटाने पुसली.

"माय बघते का?" त्याने विचारलं.

"तुला माहीत होतं?"

"पहिल्यापासून. मनात आलं असतं तर बंद करता आलं असतं." तो आडोशाला गेला असावा, ट्रकचे आवाज कमी झाले. "नाहीतर मला कुठे फोटोंची हौस होती ग? पोरीचे एवढे व्हिडिओ कोण काढतं? बायको चिडवते मला."

"रोज बघते," मी म्हणाले. "आधी डबा बघते तुझा."

तो हसला असावा. मग म्हणाला, "आप्पा?"

"त्यांना ठाऊक आहे. बघत नाहीत."

"बरं," तो म्हणाला. पासवर्ड त्याने सावकाश सांगितला. आमच्या गावाचं नाव आणि पुढे काही आकडे. "काढून टाक तू मला. शिक्षण महत्त्वाचं आहे. मी तुझ्या फोनवर पाठवत जाईन."

मायला मी सांगितलं की आता फोटो टॅबलेटवर येणार नाहीत, माझ्या फोनवर येतील. "मंग काय, सारखंच ते," ती म्हणाली. तरी त्या दुपारी भाकरी करायच्या सोडून ती पहिल्या लग्नाच्या फोटोपासून सगळं पुन्हा बघत बसली. माझ्या फोनात फार जागा नव्हती. तिने बोट ठेवलं ते मोजके फोटो मी उतरवून घेतले. त्यांतले दोन तिच्या सुनेचे होते. मग मी पासवर्ड टाकला. वाटलं होतं बराच वेळ लागेल. गॅलरीत माझे साड्यांचे काठ उरले आणि माय म्हणाली, "व्हयी गयं?"

पदर मी पुन्हा काढला. पहिल्यासारखा झाला नाही. परीक्षकांनी काठाचं कौतुक केलं आणि पदर घाईत केल्यासारखा वाटतो असं म्हटलं. मी पास झाले, बऱ्या गुणांनी. रिंग रोडवरच्या एका साडीवाल्यांकडे कामाला लागले. तिथे संगणक त्यांचा, चित्रंही त्यांचीच, मी रंग बदलून देते.

दादाने फोटो पाठवले. सुरुवातीला आठवड्यातून एखादा, मग सणाला. डब्याचा फोटो कधी आला नाही, पंख्याकडे बघणाऱ्या मुलीचाही नाही. येत होते ते सगळे नीट कपडे घालून, ओळीत उभे राहून काढलेले. मी अंगठा दाखवायचे, कधी "गोड आहे" लिहायचे. मायला ते दाखवले की ती एकदा बघून फोन परत द्यायची. त्यांत शोधायला काही नसायचं. नंतर तेही येईनासे झाले. मी दोनदा फोन केला, तर नंबर बंद असल्याचं सांगणारी बाई बोलली.

एका सुट्टीच्या दिवशी मी मायला सांगून बारडोलीला गेले. घराचा पत्ता नव्हता. एका फोटोत मागे पिठाची गिरणी दिसायची, ती विचारत विचारत चाळ सापडली. दाराला कुलूप होतं. शेजारची बाई तांदूळ निवडत बसली होती. "ए लोको तो गया," ती म्हणाली. काम सुटलं म्हणून तो बायकोच्या गावी गेला, ओडिशाला. कधी येणार ते काही बोलला नाही. मी त्यांची कोण, असं तिने विचारलं. बहीण म्हटल्यावर तिने मला पाणी दिलं आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं.

घरी आले तेव्हा आप्पा पलंगावर पेपर वाचत होते. ते उठून आत गेले नाहीत. पहिल्यांदाच त्यांच्यासमोर दादाची गोष्ट निघाली. मी सगळं सांगितलं, गिरणी, चाळ, शेजारीण. माय मेथी निवडत ऐकत होती.

"कुलूप मोठं व्हतं का?" तिने विचारलं.

"मोठं होतं."

"मंग सामान तठेच व्हयी," म्हणत तिने मान हलवली आणि पुढची जुडी सोडली. आप्पांनी पेपर खाली ठेवला नाही, पण पानही उलटलं नाही.