विचारून काढलेली पानं

आयर्लंडमध्ये त्या काळात पुष्कळ लोक अडकले, पण आमच्या शेजारणीच्या वडिलांइतकं शिस्तीत कोणी अडकलं नसेल. लेकीचं नवं घर बघायला काका २०२०च्या फेब्रुवारीत वर्ध्याहून इथे आमच्या सिटीवेस्ट उपनगरात आले, तेही फक्त तीन महिन्यांसाठी. काकूंची आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून काकू मागे राहिल्या. मग विमानं बंद झाली; पुढे मोजकी सुरू झाली तरी लेक या वयात पाठवायला तयार होईना. काका भूमितीचे निवृत्त शिक्षक; त्यांनी चिडचिड केली नाही, वेळापत्रक केलं. सकाळी बैठकीच्या खोलीत दोनशे येरझाऱ्या, मग चहा, मग थांब्यापर्यंत जाऊन रिकामी ट्राम सुटलेली पाहायची. ती उशिरा सुटली की घरी येऊन लेकीला जाब विचारत, जणू तीच चालवत होती.

काकूंनी बॅगेत वाळलेल्या लाल मिरच्या घातल्या होत्या. त्यांतल्या बिया काकांनी दह्याच्या डब्यांत पेरल्या, आणि इथल्या उन्हाचा भरवसा नाही म्हणून लेकीनं मागच्या लहान खोलीत रोपं वाढवायचा जांभळा दिवा लावून दिला. एकच रोप जगलं, पण ते छातीइतकं वाढलं. नुसती पानंच पानं, फुलाचा पत्ता नाही. काका कोनमापक घेऊन उजेड कुठल्या पानावर अडतो ते मोजू लागले. घरातल्या झाडाची पानं कधी आणि किती काढायची हे सविस्तर शिकवणारा माणूस शेवटी त्यांना मोबाइलवर सापडला, केसांची शेंडी बांधलेला एक अमेरिकन. त्याला ते 'सर' म्हणत आणि वहीत टिपणं घेत. खालची, सावलीतली पानं आधी. एका दिवशी फार नाही. मग झाडाला विश्रांती. हे सर मिरचीचं नव्हे, गांजाचं झाड शिकवताहेत, हे मलाच सांगावं लागलं. काकांनी चालू टिपण पुरं केलं. मग म्हणाले, "झाड कोणतं हाय ते त्याचं तो पाहीन. पानं तोडाची अक्कल त्याच्यापाशी हाय."

डिसेंबरात चारलाच अंधारून येई आणि आमच्या गल्लीत तेवढी एकच खिडकी जांभळी दिसे. घरात गांजा पिकवतात असं समजून कोणीतरी कळवलं असावं; एक तरुण पोलीसबाई आली. शेजारणीनं घाबरून मला बोलावलं. मी पोचलो तेव्हा काका भूमितीच्या इंग्रजीत तिला पानांचे कोन समजावत होते आणि तिनं मिरचीचं पान नाकाशी धरलं होतं. जाताना तिनं आपल्या आईच्या टोमॅटोंबद्दल सल्ला विचारला आणि 'ग्रँड' म्हणाली; इकडे त्याचा अर्थ नुसता 'ठीक आहे'. तो शब्द काकांनी प्रशस्तिपत्रासारखा जपला. पुढे वरणही ग्रँड झालं, पाऊसही.

पण सरांचं शिक्षण एकीकडे आणि परवानगी दुसरीकडे. रोज सकाळी, काकूंचा तिकडे स्वयंपाक आटोपला की व्हिडिओ कॉल लागे. काका एकेका पानाला बोट लावून विचारत, हे काढू का? काकूंचा जीव होत नसे. ते कोवळं आहे, राहू द्या. ते उद्या बघू. अर्ध्या तासात दोन पानं निघत. असं चालत राहिलं तर फूल यायचंच नाही, हे काकांना कोणापेक्षाही जास्त कळत होतं. तरी न विचारता त्यांनी एक पान काढलं नाही.

२०२१च्या एप्रिलमध्ये काकूंना ताप आला. दवाखान्यात भरती केल्यावर त्यांचा फोन बंद पडला, खबर पुतण्याकडून यायची, तीही तुटक. अकरा दिवस कॉल झाला नाही. काका येरझाऱ्या घालत, पण मोजत नसत. मी डबा घेऊन गेलो तेव्हा झाड वेडंवाकडं माजलं होतं, खालची पानं पिवळी पडली होती. ही तरी काढायची, असं मी म्हटलं.

"विचारू कोणाले?" काका म्हणाले.

बाराव्या दिवशी काकू घरी आल्या आणि त्यांनी स्वतःच फोन लावला. नेमका मी तिथे होतो. काकूंचा चेहरा एवढासा झालेला, आवाज तर ओळखूच येईना. काकांनी फोन फिरवून झाडासमोर धरला.

"किती माजलं हो हे," काकू म्हणाल्या. "काढा ना पानं."

काकांनी फोन माझ्या हातात दिला आणि खालून सुरुवात केली. काकू बस्स म्हणेपर्यंत काढायचं, असं त्यांनी ठरवलं असावं. आणि काकू किती तरी वेळ बस्स म्हणाल्या नाहीत.