रस्त्यावरची कडू संत्री

२००९ सालच्या मार्चमध्ये दक्षिण स्पेनमधल्या एका लहान गावात, रस्त्याकडेच्या झाडाची संत्री छत्रीच्या मुठीने ओढून तोडणाऱ्या एका निवृत्त अभियंत्याला नगरपालिकेच्या माणसाने अडवले. संत्री जप्त झाली. छत्री परत मिळाली.

ही माहिती अभियंत्याने स्वतःच त्याच दिवशी मला रेजिना शहरात फोन करून दिली. सुरुवात नेहमीची होती. "छापू नका, पण सांगून ठेवतो." वर्तमानपत्राची नोकरी सोडून मला कॅनडात बरीच वर्षे झाली होती आणि छापायची सोय माझ्याकडे नव्हती. तरी गुडघेदुखीपासून प्रांताच्या बजेटपर्यंत त्यांची प्रत्येक बातमी याच अटीवर मिळे.

ते आमचे शेजारी. सगळे त्यांना काका म्हणत. मूळचे नागपूरचे. सरकारी खात्यात पाटबंधाऱ्यांची कामे करून निवृत्त झालेले. आदल्या शरदात काकूंचे मोठे ऑपरेशन झाले आणि त्यांच्या तोंडाची चवच गेली. दोन घास खाऊन त्या ताट सरकवीत. वजन उतरत होते. औषधे पुरे झाली, आता जेवण वाढले पाहिजे, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. त्यात बर्फावर चालायची त्यांना धास्ती. म्हणून थंडीचे उरलेले महिने दोघे स्पेनमध्ये भाड्याच्या घरात राहायला गेले आणि इथल्या घराची किल्ली माझ्याकडे आली. हिवाळ्यात रिकाम्या घरात कुणी फेरी मारली नाही, तर पाइप गोठून फुटतात आणि विमा कंपनी हात वर करते.

"ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल केला का?" काका फोनवर विचारीत.

"केला."

"कढीपत्ता?"

"जिवंत आहे."

"इथे बदाम फुलून राहिला. पान एक नाही, नुसती फुलं. चर्चच्या मनोऱ्यावर करकोचे घरटं बांधून राहिले. तुमच्याकडे काय?"

"उणे एकतीस."

"हे छापा."

मग मी काकूंच्या जेवणाचे विचारी. काकांचा आवाज खाली येई. "भात चिवडला," ते म्हणत.

गावात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्यांनी लगडलेली झाडे होती आणि येणारे-जाणारे त्यांना हात लावीत नव्हते. हे पाहून काकांचा त्या देशावरचा विश्वास उडाला. ही खायची नसतात, असे घरमालकिणीने मोडक्या इंग्रजीत सांगून पाहिले. "नागपूरच्या माणसाला संत्रं शिकवून राहिली बाई," काका म्हणाले आणि त्यांनी भर चौकात एक सोलून मोठी फोड तोंडात टाकली. पुढची हकीकत काकूंनी फोन हिसकावून घेऊन सांगितली.

"चेहरा पाहायला पाहिजे होता, भाऊ. थुंकायची लाज आणि गिळवत नाही."

ऑपरेशननंतर त्यांचे हसणे मी पहिल्यांदा ऐकले. हसताहसता त्यांनी काकांच्या हातातली उरलेली फोड चाखली. ईडलिंबासारखी लागली, म्हणाल्या. घरी जाऊन फोडींना मीठ-तिखट लावले. त्या जेवणात त्यांनी ताटातला भात संपवला.

तेव्हापासून काकांना पुन्हा नोकरी लागल्यासारखे झाले. सकाळी छत्री घेऊन बाहेर. मार्चमध्ये त्याच झाडांवर फळेही होती आणि पांढरी फुलेही. सगळ्या गल्लीला वास येत होता. नगरपालिकेच्या माणसाने अडवल्यावर काकांनी त्याला बायकोच्या जेवणाचा सगळा प्रश्न हिंदीत समजावून सांगितला. स्पॅनिश येत नसल्याने दुसरा उपाय नव्हता. असे वाद तुम्हीही पाहिले असतील. दोघेही आपले म्हणणे पटल्याच्या समाधानात निघून जातात. दुसऱ्या दिवशी काकांनी गल्ली बदलली.

एप्रिलमध्ये ते परतले तेव्हा रेजिनात काळा पडलेला बर्फ वितळत होता. काकांनी त्या संत्र्यांचे लोणचे घातले होते; स्वेटरांत गुंडाळलेल्या त्याच्या दोन बरण्या सुखरूप आल्या. सामानात फळे आहेत का, असे विमानतळावरच्या अधिकाऱ्याने विचारले होते. "होती," काकांनी सांगितले.

मला जेवायला बोलावले, तेव्हा काकूंनी निकाल दिला. "कडू झालंय. यांना मिठाचा अंदाज नाही." हे म्हणताना त्या आणखी एक फोड वाढून घेत होत्या. काकांनी माझ्याकडे पाहिले आणि ओठांवर बोट ठेवले.

पुढच्या जानेवारीत काका गेले. बर्फ शोव्हल करताना नव्हे. ते काम मीच करीत होतो. दुपारी खुर्चीत डुलकी लागली, त्यातून ते उठले नाहीत. लेक काकूंना दूर सरे शहरात आपल्या घरी घेऊन गेली. किल्ली पुन्हा माझ्याकडे आली.

काही आठवड्यांनी लेकीचा फोन आला. आई पुन्हा ताट सरकवते, ती म्हणाली. मग काकूंनी फोन घेतला.

"फ्रीजमध्ये मागच्या बाजूला दुसरी बरणी आहे. पाठवता का, भाऊ?"

"कडू आहे म्हणत होतात ना?"

"पाठवायला सांगितलं. चाखायला नाही."

मी बरणी टॉवेलात गुंडाळून खोक्यात घातली आणि कुरियरने पाठवली. ती पोहोचल्याचे काकूंनीच कळवले. झाकण सैल होते, तेलाने टॉवेल भिजला, असे सांगितले. लोणचे अजून कडूच आहे, असेही सांगितले. बोलताना त्या जेवत होत्या.