स्ट्रॉबेरीवरचं पांघरूण

महाबळेश्वरजवळच्या मावशीच्या शेतात डिसेंबरच्या सकाळी गवतावरचं दव गोठलं होतं. मावशीने संध्याकाळीच स्ट्रॉबेरीच्या रोपांवर पातळ कापड पसरलं होतं. मी त्याखाली हात घातला, तर माती चक्क उबदार लागली.

“आभाळात ढग असते ना, तर एवढं करावं लागलं नसतं,” मावशी म्हणाली. “तेही ऊब धरून ठेवतात.”

मी वर पाहिलं. ही न दिसणारी हवाही उन्हाची ऊब अशीच धरून ठेवते, म्हणून तर पृथ्वी गोठत नाही. केवढी ही माया! पण आपण जाळलेल्या कोळशाने, पेट्रोलने ते पांघरूण वर्षागणिक जाड होत चाललंय.

ऊन चढलं तशी मावशी लगबगीने उठली. “चल, काढू या. उशीर झाला तर फुलं करपतील.”

मी कापडाचं दुसरं टोक धरलं.